गेटपर्यंत बावीस पावले

नगरा, झाशी
११ जुलै २०२४

चि. स्वाती हिस अनेक आशीर्वाद.

'चि.' आणि तुझे नाव यांच्यामध्ये अकरा वर्षे मी 'सौ.' लिहीत आलो. आज लेखणी तिथे थांबली. तुझा आणि मंदारचा निकाल कोर्टाने फाल्गुनात दिला. त्यानंतर सासऱ्याने आपल्या पूर्वीच्या सुनेला काय म्हणून लिहावे, हे माझ्या कपाटातल्या एकाही ग्रंथात सापडले नाही. म्हणून ती जागा मोकळी ठेवली आहे. 'फोन करू नका' असे तू जाताना सांगितले होतेस, ते मी पाळले आहे. पत्राबद्दल तू काही म्हणाली नव्हतीस. या सवलतीचा फायदा घेऊन हे तुझ्या बँकेच्या नाशिक शाखेत पाठवतो.

विषय फुटाणा. घाबरू नकोस, पूर्ण वाच.

२९ जूनच्या सकाळी तो वऱ्हांड्याच्या तीन पायऱ्यांपाशी आला आणि थांबला. वर पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि खाली बसला. बारा वर्षांच्या कुत्र्याने आळस केला असे प्रथम वाटले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर चालताना मागचा उजवा पंजा उलटा पडत होता आणि नखे फरशीवर घासत होती.

हे का होते ते सांगतो, म्हणजे तुझी काळजी निम्मी होईल. कणा म्हणजे मण्यांची माळ, असे आपण म्हणतो. पण माळ म्हटली की लक्ष मण्यांकडे जाते, मधल्या गाद्यांकडे जात नाही. प्रत्येक दोन मण्यांमध्ये एक चिवट, ओलसर गादी असते. वयाबरोबर ती सुकते, एका बाजूला फुगते आणि आतल्या मज्जारज्जूला दाबते. फुटाण्याची पाठ लांब आणि पाय आखूड, ही त्याच्या अर्ध्या डॅशहाउंड रक्ताची देणगी. त्यामुळे गाद्यांवर भार अधिक. मागच्या पायात बळ नाही असे नव्हे. मेंदूने धाडलेला निरोप तिथे उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही. हा फरक मी विद्यार्थ्यांना तीन-तीनदा सांगत असे.

सीपरी बाजारात डॉ. जयदीप म्हणून एक तरुण पशुवैद्य आहेत. वडील रेल्वेत होते, मूळ भुसावळकडचे. त्यांनी एक्स-रे प्रकाशासमोर धरला.

"काका, हे बघा, यहाँ गैप कम हो गया है. मराठी कळतं मला सगळं, पर बोलने जाता हूँ तो आई हँसती है."

"हसू दे. बोलत राहायचं," मी म्हटले.

"बोलेन. पहले इसका वज़न कम करिए. चौदा किलो! ये डॅशहाउंड है कि सूटकेस?"

दहा दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या, उड्या पूर्ण बंद, आणि दिवसातून दोनदा सपाट जमिनीवर सावकाश चालणे, एवढे त्यांनी लिहून दिले. मग मी माझा प्रश्न विचारला: सांध्यांच्या सुजेवरचा सलईचा डिंक देता येईल का? आयुर्वेद कॉलेजात द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांचे शास्त्र, चौतीस वर्षे शिकवलेला वैद्य तो विचारल्याशिवाय कसा उठणार?

"सलई? दे सकते हैं. कुत्तों में उस पर काम भी हुआ है. गोळ्या संपल्यावर शुरू करिए, मैं मात्रा लिख देता हूँ. हल्दी थोड़ी-सी. बस एक बात, काका. जो भी नया दें, पहले मुझे फ़ोन. कुत्ता छोटा आदमी नहीं होता."

मी हसलो. वाक्य चांगले होते, वर्गात वापरण्याजोगे.

घरातली व्यवस्था अशी केली आहे: गुळगुळीत फरशीवर पाय सरकतो, म्हणून बैठकीपासून वऱ्हांड्यापर्यंत जुन्या सतरंज्या अंथरल्या. पायऱ्यांवर फळी टाकून तिच्यावर पोते ठोकले. पाठीला रोज कोरडा शेक देतो: परसातल्या निर्गुंडीची पाने तव्यावर गरम करायची, फडक्यात बांधायची आणि पुरचुंडी आधी आपल्या मनगटाला लावून पाहायची. इथले लोक निर्गुंडीला सम्हालू म्हणतात. तेल मुद्दाम वापरत नाही, कारण कुत्रा ते चाटतो, आणि कातडीसाठी केलेले पोटात जाते.

वऱ्हांड्यापासून गेटपर्यंत माझी बावीस पावले भरतात. तेवढे त्याने रोज चालावे, असे ठरवले आहे. अडचण चालण्याची नाही, उठण्याची आहे. बसलेला तो उठायलाच तयार नसतो. त्यावर २ जुलैपासून एक युक्ती मला सापडली आहे. तिचा परिणाम शंभर टक्के. ती पुढे केव्हातरी सांगेन.

तुला उत्तर देण्याची सक्ती नाही.

नीलकंठ
(तुझ्या कुत्र्याचा सांभाळ करणारा)


नगरा, झाशी
१८ ऑगस्ट २०२४

चि. स्वाती हिस आशीर्वाद.

पहिले पत्र पोचले असावे, असे गृहीत धरतो.

आज सलईविषयी. ही तुला फार आवडेल. आपल्याकडच्या खडकाळ टेकड्यांवर, जिथे दुसरे काही धड उगवत नाही, तिथे सलईचे झाड उभे असते. साल कागदासारखी सुटते. खोडाला हलकी चीर दिली की आतून चीक येतो आणि उन्हात त्याचे पिवळसर थेंब गोठतात. तोच डिंक, शल्लकी. सांध्याची सूज उतरवण्याचा तिचा गुण जुना आणि आता तपासलेलाही आहे. इथल्या दुकानात मिळाला त्यात राळेची भेसळ निघाली; खरी सलई विस्तवावर टाकली की स्वच्छ सुगंध देते, दुकानातली डोळ्यांत झोंबली. म्हणून बसने चिरगावला गेलो. तिथे एक म्हातारा व्यापारी जंगलातून आलेला डिंक ठेवतो. त्याच्याशी दोन तास बोललो. खरे तर डिंक पहिल्या दहा मिनिटांत मिळाला होता.

डॉ. जयदीपांनी लिहिलेली मात्रा तुपात कालवून जेवणातून देतो. सहावा आठवडा चालू आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजची नोंद ठेवतो: किती पावले, किती थांबे, पंजा किती वेळा उलटला. जुलैच्या मध्यात गेटपर्यंत पाच थांबे होत. आता एक, कधी एकही नाही. वजन तेरा किलो. काल त्याने स्वतःहून मांजरावर भुंकून दाखवले.

गेंदाबाईला मात्र यातले काही पटत नाही. भांडी घासता घासता तिचे चालूच असते.

"काय दादा, कुत्ता के लाने सेंक, कुत्ता के लाने घी, और अपने लाने दो टैम खिचड़ी?"

"मला खिचडी आवडते, गेंदाबाई."

"हओ, बहू के टैम पे तो नईं रुचत हती! और जो रोज भुनसारे ऊके कान में का मंतर फूँकत हो? हमें सोई बता दो, हमाई कम्मर सोई नईं उठत."

पहाटेचा तो मंत्र तिला स्वतःच्या कंबरेसाठीही हवा होता; मी तो तिला सांगितला नाही. तो मी वाकून, त्याच्या कानाशी, हळूच म्हणतो. तिने तो ऐकावा अशी माझी इच्छा नाही.

सकाळचा शेक देताना मी त्याला रोज एक द्रव्य समजावून सांगतो. काल गुळवेल झाली, आज एरंड. ऐकताना तो झोपत नाही. माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांबद्दल असे म्हणता येणार नाही. त्यात एक सोय अशी की, त्याच्याशी तू पहिल्यापासून मराठीतच बोलत आलीस, त्यामुळे हिंदीत 'बैठो' म्हटले तर तो नुसता बघत राहतो. गेंदाबाई हिंदी, दूधवाला हिंदी, शेजारी हिंदी. मंदार हैदराबादहून रविवारी फोन करतो, तोही आता हिंदीतच सुरुवात करतो आणि चार मिनिटांत संपवतो. या घरात मराठी कळणारा सध्या फुटाणाच एक.

हे सहज लिहिले गेले. यातून काही अर्थ काढू नकोस.

नीलकंठ


नगरा, झाशी
१५ सप्टेंबर २०२४

चि. स्वाती,

तुझे उत्तर बुधवारी मिळाले. चार ओळी; मला पाठ झाल्या आहेत. 'अप्पा, पत्रे मिळाली. तळमजल्यावर घर घेतले आहे, मागे अंगण आहे. दिवाळीनंतर फुटाण्याला न्यायला येईन. तो प्रवास करू शकेल का, ते डॉक्टरांना विचारून कळवा. नवीन औषध देण्याआधी त्यांना विचारत जा.'

'अप्पा' असे लिहिलेस. सवयीने लिहिले असशील.

प्रवासाविषयी स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. झाशीहून नाशिक म्हणजे पंधरा-सोळा तास. गाडीचा धक्का वरखाली नसतो, मागेपुढे असतो. आणि दुखऱ्या गादीला हाच धक्का सर्वांत वाईट, कारण त्यात मणी एकमेकांवर घासल्यासारखे सरकतात. त्यात कुत्र्याला गाडीत आधाराला धरायचे काय असते, ते कळत नाही. तो चारही पाय ताठ करून उभा राहतो, आणि ताठरलेले स्नायू कण्याला अधिकच आवळतात. माझ्या मते हा प्रवास त्याला झेपणार नाही. डॉक्टरांचेही मत हेच आहे.

परंतु निराश होऊ नकोस. उद्यापासून मी त्याच्यावर एक खरा शास्त्रोक्त उपक्रम करणार आहे. आजवर केले ते सगळे पूर्वतयारीचे होते.

लसणाला शास्त्रात 'रसोन' म्हणतात. सहा रसांपैकी एकच त्यात उणा आहे, आंबट. बाकी पाचही आहेत. कंबर, पाठ, पाय धरणाऱ्या वाताच्या विकारात त्याच्या तोडीचे द्रव्य मिळणे कठीण. त्याचा क्षीरपाक करायचा, म्हणजे तो दुधात सिद्ध करायचा: लसूण, त्याच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि पाणी आटून दूध तेवढे उरेपर्यंत मंद आच. देण्याचा क्रम वर्धमान, म्हणजे चढता. पहिल्या दिवशी एक पाकळी, दुसऱ्या दिवशी दोन, असे सोळापर्यंत चढायचे आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचे. शरीराला औषधाची ओळख करून देत जायचे आणि ओळखीनेच निरोप घ्यायचा. या क्रमाच्या रचनेत जे शहाणपण आहे, ते मला आजही विद्यार्थ्यासारखे थक्क करते. कॉलेजात या एका क्रमावर मी दोन पूर्ण तास घेत असे.

हे डॉ. जयदीपांना कळवण्याची गरज वाटली नाही. लसूण म्हणजे स्वयंपाकघरातली वस्तू.

दिवाळीनंतर तू आलीसच, तर तो फळी न घेता पायऱ्या चढून दाखवेल. मग कदाचित तुलाच वाटेल की त्याचे इथे बरे चालले आहे.

अप्पा


नगरा, झाशी
६ ऑक्टोबर २०२४

चि. स्वाती,

सर्व ठीक. फुटाणा जरा सुस्त आहे. ऋतू बदलतो आहे, हे शरद ऋतूत होतेच. जेवण कमी. क्रम उतरणीला लागला आहे, आज अकरा पाकळ्या. तो पूर्ण झाला की सविस्तर लिहीन.

अप्पा


नगरा, झाशी
१४ ऑक्टोबर २०२४

चि. स्वाती,

फुटाणा जिवंत आहे. हे आधी लिहितो, कारण यापुढचे वाचताना तुला ते माहीत असायला हवे.

८ तारखेच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे त्याच्या कानाशी वाकलो आणि नेहमीचे शब्द म्हटले. शेपटी हलली. पुढचे पाय त्याने रेटूनही पाहिले. पण तो उठला नाही. ती युक्ती पहिल्यांदाच चालली नाही. मी त्याचा ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. सतरंजीवर लघवी झाली होती, काढ्याच्या रंगाची. मी उठून कपाटाकडे गेलो आणि पांडुरोगाचे प्रकरण उघडले. गेंदाबाई दारात उभी होती.

"दादा, जा को खून सूख गओ. अब किताब धरो और टैक्सी बुलाओ!"

तिनेच ऑटो थांबवला. तिनेच त्याला पदरात घेतले. मी पिशवीत काय घातले असेल, तर ते कॅलेंडर.

डॉ. जयदीपांनी हिरड्या पाहिल्या आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "काका, नया क्या दिया?"

"लसूण. क्षीरपाक."

"कितना?"

मी कॅलेंडर पुढे केले. एक ते सोळा, आणि सोळापासून दहापर्यंत. माझे अक्षर स्वच्छ आहे. त्यांनी तारखांवरून बोट फिरवले आणि ३ ऑक्टोबरवर थांबले. तिथे मीच लिहिले होते: 'सुस्त. जेवण अर्धे.'

"यहाँ सुस्त लिखा है आपने. फिर भी दिया?"

"क्रम अर्धवट सोडायचा नसतो," मी म्हटले.

ते ओरडले असते तर बरे झाले असते. ते उठले, दार लोटले आणि हळू आवाजात, चुकतमाकत मराठीत बोलले. "काका, कुत्र्याला लसूण म्हणजे विष आहे. त्याचं रक्त फुटतं. मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती."

हे का होते, तेही आता मला कळले आहे. माणसाच्या रक्तातल्या लाल पेशी लसूण सहज सोसतात, कुत्र्याच्या रक्तातल्या त्याच लसणाने फुटतात. आणि दुसऱ्या दिवशीचा घाव पहिल्यावर चढत जातो. म्हणजे चढत्या क्रमाची जी रचना मी इतकी वर्षे कौतुकाने शिकवली, तिने त्याला रोज थोडे अधिक मारले. ज्यांनी तो क्रम सांगितला त्यांचा यात दोष नाही. त्यांनी तो कुत्र्यासाठी सांगितला नव्हता. सलईचा गुण खरा, शेक खरा, सतरंज्याही खऱ्या. खोटा मी ठरलो, कारण मला विचारायची सवय नाही, सांगायची आहे.

एका रेल्वे गार्डच्या लॅब्राडॉरचे रक्त त्याला दिले. मी हात पुढे केला होता. तो कशासाठी केला, हे मलाच सांगता आले नसते. कंपाउंडर म्हणाला, "बाबूजी, आप बाहर बैठिए." तीन दिवस मी दवाखान्याच्या बाकावर बसलो. कोणाला काही समजावून सांगितले नाही.

आता दोन गोष्टी आणखी.

प्रवासाबद्दल डॉक्टरांचे मत मी तुला कळवले, ते मी विचारलेच नव्हते. मला वाटले, फुटाणा गेला, इथून किंवा जगातून, तर तुला पत्र लिहायला माझ्याजवळ निमित्त उरणार नाही. तो बरा व्हावा, पण नेण्याइतका बरा होऊ नये, असा हिशेब मी सप्टेंबरभर मनात मांडत होतो, आणि तो शास्त्राच्या भाषेत लिहून तुला पाठवला.

दुसरी गोष्ट जुनी आहे. ज्या दुपारी मंदार 'नोकरी सोड, नाहीतर घर सोड' म्हणाला, त्या दुपारी तू माझ्या खोलीच्या दाराशी आलीस. 'अप्पा, तुम्ही तरी काही बोला.' माझ्या मांडीवर परात होती, तिच्यावर ताणलेले मलमल, आणि मी अश्वगंधेचे चूर्ण वस्त्रगाळ करत होतो. मी म्हणालो, 'एक मिनिट थांब, चूर्ण सांडेल.'

तू थांबली नाहीस. ते तू बरोबर केलेस. मंदार चुकतो आहे, हे मला भिंतीपलीकडून दोन वर्षे स्पष्ट ऐकू येत होते. कोणत्याही विषयावर सलग तासभर बोलू शकणारा माणूस त्या एका विषयावर एक वाक्य बोलला नाही. चूर्ण मात्र त्या दिवशी फार बारीक निघाले.

क्षमेसाठी हे लिहीत नाही. आजवर जे सगळे समजावून सांगितले, त्यात हे राहून गेले होते.

अप्पा


नगरा, झाशी
१० नोव्हेंबर २०२४

चि. स्वाती,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. '२३ नोव्हेंबरला सकाळी पोचते. तोवर डॉक्टर सांगतील तेवढेच करा.' माझ्या मागच्या पत्राबद्दल त्यात काही नाही. असावे, असे मी म्हणत नाही.

या वेळी डॉक्टरांना विचारले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो: "जा सकता है. फर्स्ट एसी का कूपा पूरा लीजिए, नीचे मोटी गादी, हर तीन घंटे में करवट. तंदुरुस्तीचा दाखला मी देईन." म्हणजे तो प्रवास करू शकतो. तो सप्टेंबरातही करू शकला असता.

रक्त भरत आले आहे. हिरड्या गुलाबी आहेत. रोज सकाळी उजेडात पाहतो आणि फोनवर डॉक्टरांना रंग सांगतो. सलई त्यांनीच पुन्हा सुरू केली. डबीवर मात्रा त्यांच्या अक्षरात आहे, माझ्या नाही. मागचे पाय पूर्ण सुधारणार नाहीत, हे ते म्हणाले आणि मला मान्य आहे. पोटाखालून टॉवेल घालून दोन्ही टोके वर धरली की तो नीट चालतो. टॉवेल ओढायचा नाही, नुसता वजन घेण्यापुरता उचलायचा. चालण्याची दिशा त्याची. हे शिकायला मला पंधरा दिवस लागले. तुझ्या अंगणात गवत असेल तर उत्तम. फरशी असेल तर सतरंज्या मी बांधून ठेवल्या आहेत, सोबत ने. निर्गुंडीची दोन कलमे कुंडीत लावली आहेत. शेक देताना पुरचुंडी आधी आपल्या मनगटाला. लसूण, कांदा, आणि त्यांची फोडणी पडलेले काहीही, कधीही नाही. गेंदाबाईने माझ्या स्वयंपाकघरातूनच लसूण बाहेर काढला आहे. "जब लौं जौ कुत्ता है, तब लौं जा घर में लसन नईं आउने," असे तिने मला बजावले, आणि कुत्रा जाणार आहे हे कळल्यावर अर्धा दिवस भांडी आपटत राहिली.

आता ती युक्ती. ती पुढे सांगेन असे मी पहिल्या पत्रात लिहिले होते, आणि प्रत्येक पत्रात टाळत आलो.

उठायला तयार नसलेला फुटाणा एका वाक्याने उठतो. ते वाक्य असे आहे: 'ऊठ, स्वाती आली.'

२ जुलैला ते माझ्या तोंडून सहज गेले. त्याने कान टवकारले, पुढचे पाय रोवले, मागचे ओढून घेतले आणि थांबत-थांबत बावीस पावले गेला. गेटच्या गजांतून त्याने आधी मुख्य रस्त्याकडे पाहिले, जिकडून तुझा ऑटो यायचा. मग दुसऱ्या बाजूला. मग बसला. थोड्या वेळाने मी म्हटले, 'चल', तेव्हा परत आला. उपाय लागू पडला, असे मी कॅलेंडरात लिहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटले. ८ ऑक्टोबरला तो उठू शकला नाही, तोवर असे अठ्ठ्याण्णव सकाळी झाले. मला वाटले होते, पाच-सहा दिवसांत त्याला खोटे कळेल आणि दुसरी युक्ती शोधावी लागेल. त्याला ते कधीच कळले नाही, किंवा कळूनही तो रोज जाऊन पाहत असे. हे दोन्ही शक्य आहे. कोणते खरे, ते मी सांगू शकत नाही. गेटपाशी त्याच्याबरोबर मीही रस्त्याच्या दोन्ही बाजू बघत असे, याची नोंद मात्र कॅलेंडरात नाही.

दवाखान्यातून आल्यापासून ते शब्द मी म्हटलेले नाहीत. आता तो उठला तर उठतो. नाही उठला तर मी टॉवेल घेतो, आणि आम्ही जाऊन येतो.

२३ तारखेला एवढेच कर. ऑटो कोपऱ्यावरच सोड आणि चालत ये. गेटबाहेर उभी राहा. हाक मारू नकोस, कडी वाजवू नकोस. वऱ्हांड्यातून मला तू दिसशील. मी त्याच्या कानाशी वाकेन आणि एकदाच म्हणेन.

पूर्वी त्याला एक मिनिट लागत असे. आता मध्ये दोनदा बसतो. चार मिनिटे तरी लागतील. टॉवेल धरून मी मागे असेन, आणि मलाही हल्ली तेवढाच वेळ लागतो. त्याला स्वतः येऊ दे, मध्येच आत धावून येऊ नकोस.

थांबशील ना?

अप्पा